चेंडूची वादी

विल्फ हॅलिवेलच्या कपाळावर नऊ व्रण होते. ब्रॅकनशॉ गावात बायबलातली पुस्तकं क्रमाने म्हणून दाखवणारी माणसं थोडीच निघाली असती, पण ते नऊ व्रण कोणत्या सामन्यात आणि कितव्या मिनिटाला पडले हे सांगणारी प्रत्येक गल्लीत दोन-चार तरी होती. दहावा पडला तो चोपन्न सालच्या एप्रिलमध्ये, हंगामाच्या शेवटून दुसऱ्या शनिवारी, स्टेनफोल्डच्या मैदानावर. सहाच्या गाडीने विल्फ घरी आला तेव्हा त्याच्या बायकोने, एल्सीने, चहा ओतून ठेवला होता आणि कपाशेजारी मलमपट्टीचं पत्र्याचं डबडं उघडून ठेवलं होतं. काय झालं हे तिने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. लग्नाला पंधरा वर्षं झाली की माणसं सुखाने गप्प बसायला शिकतात.

"हलू नकोस," एल्सी म्हणाली.

"हलत नाही. विचार करतोय."

"तेच ते. विचार करताना तुझं कपाळ हलतं."

विचार पुढच्या शनिवारचा होता. विल्फ पस्तिशीचा झाला होता आणि पुढचा शनिवार हा त्याचा शेवटचा सामना. क्लबचे अध्यक्ष आणि नगरपालिकेचे ज्येष्ठ सभासद ऑल्डरमन हार्ग्रीव्ह्ज, ज्यांच्या कारखान्यातले सॉसेज गाव रोज सकाळी खात असे आणि त्यात काय असतं हे विचारत नसे, यांनी जाहीर केलं होतं की सामना संपल्यावर मैदानाच्या मध्यावर मायक्रोफोन ठेवला जाईल आणि विल्फ दोन शब्द बोलेल. "दोन मिनिटं," त्यांनी विल्फला बाजूला घेऊन बजावलं होतं. "तीन नकोत. बँडवाल्यांची बस आहे."

विल्फने फुटबॉलमध्ये ब्रॅकनशॉसाठी एकशे एकसष्ट गोल केले होते, त्यातले बहुतेक डोक्याने. पण चारपेक्षा जास्त माणसांसमोर तो आयुष्यात कधी बोलला नव्हता, आणि त्या चारांतही एक कुत्रा असे. तरी हे भाषण त्याला टाळायचं नव्हतं. चौदाव्या वर्षी तो बापामागोमाग सूतगिरणीत लागला होता. दोघे भाऊ अजून तिथेच होते. कपाळ इतकं टणक नसतं तर तोही तिथेच असता, हे तो रोज सकाळी साडेसातला गिरणीचा भोंगा झाला की कूस बदलता बदलता आठवत असे. लढाईची सहा वर्षं इजिप्तमध्ये ट्रकचे टायर बदलण्यात गेली ती सोडली, तर त्याचं सगळं उमेदीचं वय हिरवळीवर गेलं होतं. याबद्दल कोणाचे तरी आभार मानायचे राहिलेत, ही गोष्ट त्याला दाढेत अडकलेल्या तंतूसारखी कित्येक वर्षं जाणवत होती. आता एकदाच, दोन मिनिटं का होईना, संधी मिळत होती. ते आभार बरोबर त्याच माणसाच्या पदरात पडावेत एवढंच त्याला हवं होतं.

तो माणूस कोण हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सिरिल एन्टविसल, ब्रॅकनशॉचा विंगर, डाव्या कडेने पळत जाऊन विल्फच्या डोक्यावर चेंडू उचलून देणारा.

त्या वेळचा चेंडू म्हणजे चामड्याच्या पट्ट्या शिवून आत कोंबलेला रबरी फुगा. फुगा घालायला एका बाजूला चीर असे आणि बुटाच्या लेसने बूट आवळावा तशी ती चीर चामड्याच्या वादीने आवळलेली. पाऊस पडला की चेंडू पाणी पिऊन धोंड्यासारखा होई, आणि डोक्याने मारताना नेमकी वादीची बाजू कपाळावर आली तर कातडं फाटे. लढाईआधी विल्फचं कपाळ घरच्या मैदानावरही फाटत असे. शेहेचाळीस साली तो परत आला, त्याच वर्षी सिरिल क्लबात आला, आणि ब्रॅकनशॉच्या मैदानावर विल्फला पुन्हा कधी खरचटलंसुद्धा नाही. शनिवारी संध्याकाळी निघणाऱ्या हिरव्या क्रीडापत्रिकेच्या वार्ताहराने यावर तीन दिवस विचार करून लिहिलं, की एन्टविसल चेंडू असा फिरवून पाठवतो की तो विल्फपाशी पोचतो तेव्हा वादी गोलकीपरकडे तोंड करून असते. छापून आलं म्हटल्यावर ते खरं झालं. शाळेत मास्तर ते भूमितीच्या तासाला सांगू लागले. प्रार्थनामंदिरात पाद्रीबुवांनी त्याच्यावर एक प्रवचन केलं. विषय, शेजाऱ्याची काळजी.

"तू सिरिलबद्दल काय लिहिलंस ते वाच," एल्सी पट्टी चिकटवत म्हणाली.

विल्फने वाचलं. "'माझं कपाळ सिरिलने सांभाळलं.' एवढंच झालंय अजून."

"बरं आहे." एल्सीने डबडं बंद केलं आणि ते हातात धरून बसली. "विल्फ, हे डबडं मी फक्त परगावच्या शनिवारी काढते."

"परगावी वारा उलटा असतो. सिरिल म्हणतो तसं."

"प्रत्येक गावात?"

विल्फ चहा प्यायला.

"तुझ्याबरोबर परगावी कोण कोण येतं?"

"आम्ही अकरा जण. ट्रेनर जोब. मालिशचं तेल."

"म्हणजे सिरिल येतो."

"येणारच. तो नाही आला तर डाव्या बाजूला कोण?"

"मग काय येत नाही?"

विल्फने कप खाली ठेवला. त्याचं कपाळ इतकं हलू लागलं की पट्टीचं एक टोक सुटलं. "चेंडू," तो म्हणाला. "चेंडू येत नाही. चेंडू ज्याचं मैदान त्याचा."

सोमवारी सरावानंतर त्याने जोबला गाठलं. जोब पंचवीस वर्षं ट्रेनर होता. ओला स्पंज आणि शिवी या दोन औषधांवर त्याने हाडं मोडलेली माणसं उभी केली होती.

"जोब, सामन्याचा चेंडू कुठून येतो?"

"कपाटातून."

"कपाटात कुठून येतो?"

"कपाटातच असतो."

"शनिवारी चिखलाने भरतो. पुढच्या वेळी कोरडा, वंगण लावलेला, वादी आवळलेला असतो. हे कोण करतं?"

जोबने पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच या प्रश्नाकडे पाहिलं. "कपाट ऊबदार आहे," तो शेवटी म्हणाला. "भिंतीपलीकडे धुण्याची खोली आहे ना."

धुण्याची खोली मुख्य स्टँडच्या पोटात होती. वर लाकडी पायऱ्यांवर माणसं बसत आणि खाली मिसेस टॅटरसॉल क्लबचे कपडे उकळत. वय साठीच्या पुढचं, बाह्या कोपरापर्यंत वर, आणि हात असे की जोबसुद्धा तिच्याशी बोलताना टोपी काढत असे. विल्फ दारात उभा राहिला. आठ वर्षांत तो इथे दोनदा आला होता, दोन्ही वेळा हरवलेला मोजा शोधायला.

"मोजा नाही इथे," ती मागे न वळता म्हणाली.

"मोजा नकोय, मिसेस टॅटरसॉल. चेंडूची वादी तुम्ही बांधता?"

"मग काय तुमचा चेअरमन बांधतो?"

तिने फळीवरून चेंडू काढून त्याच्या हातात दिला. विल्फने अंगठा फिरवला. चीर आहे हे डोळ्यांना दिसत होतं, बोटाला कळत नव्हतं. वादीवर मेण चोळलं होतं, टोकं चांभाराच्या आरीने आत खेचून शिवणीखाली सपाट झोपवली होती, आणि वरून गरम इस्त्रीचं बूड दाबलं होतं. गाठ कुठेच नव्हती.

"हे कुठे शिकलात?"

"बक्लीच्या कॉर्सेट कारखान्यात. एकवीस वर्षं बंद ओवले. मेयरच्या बायकोची कंबर मी आवळलीय पोरा, आणि तशा आवळलेल्या कमरेने ती तीन वाढी जेवलीय. चेंडूचं काय, चेंडू कुरकुर करत नाही."

"तुम्हाला हे करायला सांगितलं कोणी?"

"सांगायला कशाला हवं कोणी? शेहेचाळीस साली इथे आले त्या पहिल्या आठवड्यात तुझा शर्ट आला, कॉलरला रक्त. रक्त निघता निघत नाही. गार पाणी, मीठ, दोनदा चोळा, तरी डाग राहतो. चेंडू पाहिला तर गाठ वर, टोकं बाहेर. कुठल्या तरी पुरुषाने बांधलेला. म्हटलं, धुण्यापेक्षा बांधणं सोपं." तिने उकळत्या पाण्यात काठी फिरवली. "परगावचे शर्ट अजून तसेच येतात. तिथे माझा हात पोचत नाही."

विल्फ चेंडू धरून उभा राहिला. घरच्या मैदानावर एकशे बावीस गोल आणि परगावी एकोणचाळीस. हिरव्या पत्रिकेने या आकड्यांचं कारण 'मातृभूमीचं प्रेम' असं दिलं होतं. खरं कारण एवढंच होतं की लढाईनंतर घरच्या चेंडूखाली डोकं घालताना त्याने कधी डोळे मिटले नव्हते.

"मी शनिवारी सांगणार," तो म्हणाला. "मायक्रोफोनवर. सगळ्यांसमोर."

"आणि सिरिलचं काय करणार?"

विल्फने चेंडू हातात फिरवला.

"त्याच्या आईने खिडकीत चेंडू मांडलाय, वादी भिंतीकडे करून. दर मंगळवारी मी तिच्याकडे चहाला जाते. ती दर मंगळवारी मला समजावून सांगते की वादी हवेत कशी फिरते. मी ऐकते."

"आठ वर्षं?"

"केक चांगला करते." तिने काठी काढून झटकली. "हे बघ विल्फ. सिरिलला खाली उतरवून मला वर चढवणार असलास तर नको. मला उंच जागी गरगरतं. आणि शनिवारी त्या वेळी मध्यंतराला बदललेले माझे अकरा शर्ट पाण्यात असतात. आता चेंडू ठेव खाली, हात धुतलेले नाहीत तुझे."

घरी येऊन विल्फने सिरिलचं वाक्य खोडलं. मग ते पुन्हा लिहिलं. मग पुन्हा खोडलं. सिरिलचे आभार मानावेत तर ते खोटं, मिसेस टॅटरसॉलचे मानावेत तर दोस्ताची आई खिडकीचा पडदा ओढून घेणार, आणि कोणाचेच मानू नयेत तर मग एवढी वर्षं दाढेत अडकलेला तंतू जन्मभर तसाच. एल्सीने कागद पाहिला. "राजाचे आभार मान," ती म्हणाली.

"राजा गेला. आता राणी आहे."

"मग तिचे मान. ती कुठे ऐकायला येणारेय."

गुरुवारी तो सिरिलकडे गेला. दोघांचा मिळून नगरपालिकेने भाड्याने दिलेला भाजीपाल्याचा तुकडा होता, रेल्वेच्या बांधाला लागून. सिरिल बटाटे लावत होता. सडपातळ, चिमट्यासारख्या पायांचा माणूस; पळू लागला की दोन पायांचे चार वाटायचे.

"भाषण झालं का रे?" सिरिलने विचारलं.

"होतंय. सिरिल, चेंडू मारताना तुला वादी दिसते?"

सिरिलचा हात थांबला. "का?"

"नीट लिहावं म्हणून."

"ते सांगता येत नाही. ते पायात असतं." सिरिल वाकला. आत्ताच लावलेला बटाटा त्याने उकरून काढला, नीट पाहिला आणि त्याच खड्ड्यात पुन्हा लावला. "आईने नवी टोपी घेतलीय शनिवारसाठी," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पुढच्या रांगेत बसणार आहे."

"छान," विल्फ म्हणाला, आणि त्याने पाणी आणायला बादली उचलली.

शनिवारी पाऊस पडला. मैदान भरलं होतं, टोप्यांवरून पाणी गळत होतं. बँडने एक धून वाजवली, मग दुसरी वाजवायला सुरुवात करून पुन्हा पहिलीच वाजवली. तीनला पाच कमी असताना ऑल्डरमन हार्ग्रीव्ह्ज छत्रीखाली मैदानात आले. त्यांच्या हातात निळ्या फितीने बांधलेला कोरा चेंडू होता, त्यावर सोनेरी अक्षरांत विल्फचं नाव. त्यांच्या मेव्हण्याचं क्रीडासाहित्याचं दुकान होतं आणि चेंडू दोन आठवडे तिथल्या काचेत मांडलेला होता. कपाटातला चेंडू कपाटातच राहिला. पंचाने नव्या चेंडूची फीत सोडली आणि शिटी वाजवली.

पहिल्या दहा मिनिटांत सोनेरी रंग समोरच्या मिलबर्न संघाच्या बचावपटूच्या कपाळावर गेला. विसाव्या मिनिटाला सिरिल डाव्या कडेने सुटला, दोघांना चिखलात बसवून गेला आणि त्याने चेंडू उंच उचलला. आठ वर्षांत पाचशे वेळा उचलला होता तसाच. विल्फ वर गेला. डोळे उघडेच. घरच्या मैदानावर ते मिटायची त्याला सवय नव्हती.

चेंडू खांबावरून बाहेर गेला आणि विल्फ चिखलात बसला. त्याने कपाळाला हात लावून पाहिला. हात लाल झाला होता.

मैदान असं गप्प झालं की बाहेर घोडागाडीवाल्याचा घोडा खाकरला तो ऐकू आला. ब्रॅकनशॉत. घरच्या मैदानावर. शेवटच्या सामन्यात. मग उभ्याने बघणाऱ्यांच्या डाव्या उतारावरून एक आवाज आला, "सिरिल, वादी बघ रे," आणि त्यानंतर सगळाच उतार बोलू लागला.

"चष्मा लाव."

"आठ वर्षं फिरवलास, आजच पाय आखडला?"

"माणूस रिटायर होतोय, मारून पाठवू नकोस."

सिरिलने पुढच्या रांगेकडे एकदा पाहिलं. तिथली नवी टोपी खाली झुकली होती. त्यानंतर पूर्वार्ध संपेपर्यंत तो चेंडूकडे असा जात होता जणू ते कोणाचं तरी तान्हं मूल आहे. मिलबर्नने तेवढ्यात एक गोल करून घेतला.

मध्यंतराला जोब कपाळावर स्पंज दाबत होता तोवर मिसेस टॅटरसॉल चहाची किटली घेऊन आली. ती कप भरत भरत विल्फपाशी पोचली, त्याची कॉलर पाहिली आणि थांबली.

"हा शर्ट घरचा आहे," ती म्हणाली.

जोबने स्पंज बादलीत टाकला.

"चेंडू कुठाय?"

चेंडू बाकाखाली होता. तिने तो उचलून अंगठा फिरवला. "हा कोणी बांधला?"

"चेअरमनसाहेबांचे मेव्हणे," जोब म्हणाला.

"दिसतंच आहे. किटली धर."

तिने एप्रनच्या खिशातून आरी काढली. अकरा खेळाडू, चहाचे कप हातात तसेच, बघत राहिले. एका झटक्यात जुनी गाठ सुटली. वादी दातांत धरून तिने ती मेणाच्या गोळ्यावरून तीनदा ओढली, मग भोकांतून खालून वर, वरून खाली, प्रत्येक फेऱ्याला गुडघ्याने चेंडू दाबत. टोकं आत गेली. इस्त्री नव्हती म्हणून तिने जोबचा गरम कप उलटा करून त्याचं बूड दाबलं. चहा जोबच्या बुटात गेला. सहा मिनिटं लागली. तिने चेंडू विल्फकडे न देता सिरिलच्या हातात दिला.

सिरिलने अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. किटली आणि सगळ्यांनी बदललेले चिखलाचे अकरा शर्ट घेऊन ती निघून गेली तरी तो अंगठा फिरवतच होता.

"विल्फ," तो हळू आवाजात म्हणाला, "मी ती वादी जन्मात कधी पाहिली नाही. मी डोकं खाली घालून लाथ मारतो. चेंडू कुठे जातो ते लोक ओरडले की कळतं."

"मला सोमवारपासून माहितेय."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बटाटे लावत होतास."

सिरिलने चेंडू बाकावर ठेवला. "पहिल्यांदा पेपरात आलं तेव्हा मला वाटलं, कोणी तरी येऊन विचारेल आणि मी नाही म्हणेन. आठ वर्षांत कोणी विचारलंच नाही. सगळे मलाच सांगत होते."

उत्तरार्धात विल्फला गोल मिळाला नाही. सत्तराव्या मिनिटाला सिरिलने चेंडू उचलला, विल्फ वर गेला, फुटलेल्या कपाळानेच चेंडूवर घाव घातला. चेंडू गोलकीपरच्या पोटावर आपटून परतला आणि मधल्या फळीतल्या उजव्या हाफने तो आत ढकलला. तो हाफ तीन वर्षांत पहिल्यांदाच तिथवर आला होता आणि गोल कसा साजरा करतात हे त्याला माहीत नव्हतं. एक-एक. पण विल्फ हसत परत मध्यावर आला, कारण लागलं काहीच नव्हतं. तळहात ठेवावा तसा चेंडू कपाळावर बसला होता.

शिटी झाली, मायक्रोफोन आला. ऑल्डरमन साहेबांनी विल्फबद्दल चार मिनिटं आणि सॉसेजबद्दल एक मिनिट भाषण केलं. मग विल्फ पुढे झाला. त्याने तोंड उघडलं, आणि नऊ हजार माणसांना त्याचा श्वास ऐकू आला. बराच वेळ तेवढंच ऐकू आलं.

मग सिरिलने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला केलं.

"मला दोन गोष्टी सांगायच्यात," सिरिल म्हणाला. "आज पूर्वार्धात तुम्ही मला शिव्या दिल्यात. त्या चुकीच्या होत्या. आठ वर्षं टाळ्या दिल्यात, त्याही चुकीच्याच होत्या. चेंडूची वादी मी फिरवत नाही. ती खाली धुण्याच्या खोलीतल्या मिसेस टॅटरसॉल अशी बांधतात की ती कुठल्याही बाजूने लागत नाही. आज चेंडू त्यांनी बांधलेला नव्हता. एवढंच." मग त्याला आणखी काही सुचलं नाही म्हणून तो म्हणाला, "आई, सॉरी."

पुढच्या रांगेतली टोपी वर झाली. "अरे मग तिने मला सांगितलं का नाही?" म्हातारी एन्टविसल म्हणाली, आणि मायक्रोफोनशिवायही ते अर्ध्या मैदानाला ऐकू गेलं. "दर मंगळवारी माझा केक खाते ती."

कोणी तरी हसलं. ते हसू पायऱ्यांवरून खाली खाली येत सगळ्या मैदानभर झालं, आणि त्यात सिरिलला लागेल असं काही नव्हतं. "बोलवा तिला," उतारावरचा तोच आवाज म्हणाला. जोब धावत गेला आणि चालत परत आला.

"येत नाही म्हणाली. शर्ट पाण्यात आहेत."

ऑल्डरमननी घड्याळ पाहिलं. बँडवाल्यांनी वाद्यं पेटीत भरायला घेतली होती. विल्फने मायक्रोफोनकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, आणि मग चिखलाच्या बुटांनीच तो स्टँडखाली जाणाऱ्या बोगद्याकडे चालू लागला. नऊ हजार माणसं त्याच्या पाठीकडे बघत राहिली. त्याचं भाषण ते एवढंच.

खाली वाफ भरली होती. मिसेस टॅटरसॉल पिळणीच्या यंत्राच्या दोन लाकडी लाटण्यांमध्ये शर्ट घालत होती.

"बूट बाहेर," ती म्हणाली.

विल्फने बूट बाहेर काढले आणि मोज्यांवर आत आला. "सिरिलने सांगितलं."

"ऐकलं. वर बोललेलं सगळं इथे खाली येतं. आलास तर दांडा फिरव, माझा खांदा दुखतो."

विल्फ दांडा फिरवू लागला. शर्ट एका बाजूने फुगलेला आत जात होता आणि दुसऱ्या बाजूने सपाट होऊन येत होता. दोन शर्ट झाले.

"मिसेस टॅटरसॉल," तो म्हणाला, "मी गिरणीत परत गेलो नाही तो तुमच्यामुळे."

"तुझ्या कपाळामुळे."

"ते तुम्ही राखलंत."

तिने तिसरा शर्ट घातला. "तुझा गोल मी एकदाही पाहिला नाही. पण पायाने मारलास की वर आधी आरडाओरडा होतो आणि मग पाय आपटतात. डोक्याचा असला की आधी सगळे गप्प होतात. टाचा उचलून उभे राहतात ना, फळ्या हलक्या होतात. मग धाडकन खाली. मी इथे मान वर करून थांबायची, हलक्या झाल्या की. बरं वाटायचं ते. हळू फिरव, बटणं तुटतात."

विल्फने हळू फिरवला. "थँक्यू," तो म्हणाला. ते मोठ्याने आलं नाही, पण त्या खोलीत पुरेसं होतं. तिने मान हलवली आणि त्याच्या कपाळावरची पट्टी ओल्या अंगठ्याने नीट बसवली.

तेवढ्यात वरच्या फळ्या हलक्या झाल्या. दोघांनीही मान वर केली. क्षणभर काहीच नव्हतं, आणि मग नऊ हजारांपैकी स्टँडमध्ये मावली होती तेवढी सगळी माणसं एकदम पाय आपटू लागली, तालात, थांबायचं नाव न घेता, आणि त्या पायांखाली तिचं नाव ऐकू येऊ लागलं. फळ्यांच्या फटींतून पन्नास वर्षांची धूळ, पाइपची राख आणि शेंगदाण्यांची टरफलं सरळ दोरीवरच्या धुतलेल्या शर्टांवर पडू लागली.

मिसेस टॅटरसॉल बराच वेळ वर बघत उभी राहिली. राख तिच्या केसांत पडत होती ती तिने झटकली नाही.

"आता सगळे परत धुवावे लागणार," ती म्हणाली.

विल्फने दोरीवरून पहिला शर्ट ओढला, झटकला आणि पाण्यात टाकला. "मीठ लागेल का?" त्याने विचारलं.

"तुझ्या शर्टाला," ती म्हणाली, आणि बाही वर करत त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.